फोन मोकळा ठेवायचा

४ फेब्रुवारी

चि. ढब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ह्यांना काल घरी आणलं. बरे झाले म्हणून नव्हे. नवं हृदय मिळेपर्यंत हॉस्पिटलात नुसतं पडून राहण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यादीत नाव लागलंय. जुळणारं हृदय आलं की फोन येईल, मग लगोलग पोचायचं. म्हणून तुझ्या भावोजींचा हुकूम सुटलाय: घरचा फोन मोकळा ठेवायचा, कुणी गप्पा मारायच्या नाहीत. तुझी टकळी तर एकदा सुरू झाली की थांबत नाही, तेव्हा तू आपलं पत्रच लिही.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्यांना बसावं लागलं. मशीनला पाय लावायला बंदी आहे, पण शिंप्याचे हात गप्प बसतात होय? तुझ्यासाठी एक कोट हातानेच शिवायचा म्हणतात. मापं पाठव. खरी पाठव.

लोभ ठेव आणि फोनपासून लांब राहा.
तुझी ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा न राहवून साइटच्या ऑफिसातून तुमचा नंबर फिरवायला घेतला, अर्ध्यावर ठेवून दिला. भावोजींना सांगू नकोस. पुलाचा शेवटचा स्लॅब पडेपर्यंत मुकादमाला रजा नाही, असं साहेब म्हणतात. मी भांडलो, पण पालथ्या घड्यावर पाणी.

मापं घे: छाती चाळीस, पोट अडतीस, बाही चोवीस. पोटाला हसायचं नाही. इथल्या गारठ्यात भूक जरा जास्त लागते, इतकंच.

त्यांच्याबद्दल पानभर लिहितेस, स्वतःबद्दल चकार शब्द नाही. जेवतेस ना? मला भीती वाटते गं.

धाकट्यावर आहे तसाच लोभ असू दे.
तुझा ढब्या

२ मार्च

चि. ढब्यास,
अनेक आशीर्वाद.

फोन आला होता. आम्ही जेवायला बसलो होतो. ताटं तशीच टाकली, दारापाशी भरून ठेवलेली पिशवी उचलली आणि निघालो. तिथे त्यांना अंघोळ घातली, छातीवरचे केस काढले, हिरवे कपडे चढवले. मग डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, आलेलं हृदय तपासलं, ते चांगलं निघालं नाही. आलो परत. टॅक्सीत हे एवढंच म्हणाले की आपल्याकडे फोन वाजतो तेव्हा कुणाच्या तरी घरात आकांत चाललेला असतो, तो वाजावा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं. मी म्हणते, वाजावा. इतकी स्वार्थी झालेय मी.

घरी आल्या आल्या सुई हातात. तुझ्या अडतीसवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मेहुण्याचं पोट मला विचारा, म्हणाले, आणि शिवणीत चार बोटं कापड जास्तीचं सोडलं. बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यावर आहेत. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघितल्याशिवाय बाही पक्की करायची नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. म्हणजे तुला यायलाच हवं. हे कशासाठी चाललंय ते मला कळतं. पायांची सूज वाढलीय, दोन वाक्यं बोलले की धाप लागते. ये बाबा लवकर.

वाट बघणारी,
ताई

९ मार्च

ती. ताई आणि भावोजी यांस,
शि. सा. न. वि. वि.

रजा मिळाली! महिनाअखेरीस निघतो. भावोजी, चोर पकडलात. पोट बेचाळीस आहे. बाह्यांना मात्र हात लावू नका. मी येऊन समोर उभा राहतो, मग काय खेचाखेची करायची ती करा, टाचण्या टोचा, शिव्या घाला.

तोवर दोघं सांभाळून असा.
तुमचा ढब्या

२० मार्च

चि. ढब्यास,

हे गेले. मंगळवारी सकाळी, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्याच. मी चहा घेऊन आले तेव्हा तुझा कोट मांडीवर होता आणि सुई बोटांत.

असली बातमी पत्राने कळवतेय, मला माफ कर. शेजारच्या बाई तुझा नंबर लावत होत्या. मी धावत जाऊन त्यांच्या हातून रिसीव्हर काढून घेतला. लाइन अडवू नका, हॉस्पिटलचा फोन यायचाय, म्हणून ओरडले त्यांच्यावर. आणि आतल्या खोलीत ह्यांना निजवलेलं होतं. सगळं उरकेपर्यंत मी कुणालाच फोनला हात लावू दिला नाही. तुला त्यांचं तोंड बघायला मिळालं नाही ते माझ्यामुळे. काल केव्हातरी भानावर आले आणि आज हे लिहायला बसले.

कोट मी उलगडून पाहिला. डावी बाही त्यांनी पक्की केलीय, तुझी वाट न बघता. जन्मभराचा नेम मोडला. त्यांना कळलं असणार. उजवी अजून कच्च्या टाक्यावरच आहे, ती मी तशीच ठेवलीय.

घर फार गप्प आहे रे. पत्र मिळालं की फोन कर. कितीही वेळ बोल.

ताई