डाव्या पायाची हकीकत

चि. सौ. धाकटीस, थोरलीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी कंबर आता कशी आहे ते कळव. आम्ही दोघं ठीक. आमच्या ह्यांचा खोकला मुक्कामालाच आलाय, घरच्यासारखा वागवतो आम्ही त्याला. फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझे यजमान फोन स्पीकरवर टाकतात आणि नेमक्या वेळी घसा खाकरतात, मग माझं निम्मं बोलणं पोटातच राहतं.

तर तुझी लेक. आमच्याकडे राहून बॅडमिंटन खेळते, म्हणून माझं बारीक लक्ष असतं. तिच्या उजव्या बुटाचा तळ पार गुळगुळीत, आणि डावा आत्ताच दुकानातून आणल्यासारखा. (आमचे हे म्हणाले, पुढच्या वेळी उजवाच आणू. ह्या माणसाबरोबर मी संसार केला.) त्यात डावा घोटा सारखा दुखायला लागला म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. बाईंनी तिला डोळे मिटून एकेका पायावर उभं केलं. उजव्यावर पोरगी खांबासारखी, डाव्यावर मात्र भरल्या हंड्यासारखी हिंदकळली. बाई म्हणाल्या, पुढे झेपावायचं ते सदा उजव्या पायावर, त्यामुळे तो तयार झाला आणि डावा मागे राहिला. थोडाफार फरक सगळ्यांतच असतो. पण इतका असला आणि घोटा आधीच कुरकुरत असला, तर वाढत्या वयात मोठी दुखापत व्हायला वेळ लागत नाही. दोन महिने डाव्या पायाचे व्यायाम, तोवर सामना नाही. आणि निवडीचा सामना तर ह्या रविवारी! कोच म्हणाले, सामना उजव्या पायाने जिंकतात. बाईंनी मान वर न करता सांगितलं, "पडायला डावा पुरतो."

तेव्हापासून आमच्या घरात दोन पायांवर कोणी उभं नाही. पोरगी एका पायावर दात घासते, हे एका पायावर पेपर वाचतात (फ्रिजचं दार धरून; दूध नासलं). मीठ मागायला आलेल्या शेजारणीलाही आम्ही सोडलं नाही. तुझे यजमान म्हणतात, आमच्या वेळी कोणी पाय तपासत नव्हतं, नुसते पळायचो. खरंय. म्हणूनच आता जिना उतरताना कठडा सुटत नाही त्यांचा.

काल मटार सोलताना पोरगी खाली बघत म्हणाली, "मावशी, बाबांना तूच सांग. त्यांनी मला विचारलं, तर मी खेळते म्हणेन." मी उरलेल्या शेंगा तेवढ्या सोलल्या.

बाकी क्षेम. कंबर शेकत जा, आणि वाकायचं ते गुडघ्यातून.

तुझी,
थोरली

ता. क. अक्षराला हसू नकोस. काल संध्याकाळी शेजारणीला एका पायावर उभं राहून दाखवायला गेले. ती उभी राहिली, मी पडले. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हाताला जन्मात पहिल्यांदा काम लागलंय, बिचारा धडपडतोय.

दुसरा ता. क. शनिवारी तुझे यजमान सामना बघायला इकडे निघतील. त्याआधी वाद न घालता त्यांना डोळे मिटून डाव्या पायावर उभं कर. टिकले तर पोरगी खेळेल, असं माझ्या नावाने सांग. पडले तर हे पत्र वाचायला दे.

तिसरा ता. क. (एवढा फाडून मगच दे.) पोरीला विचारून तिचं नाव मी आज सकाळीच निवडीतून काढून घेतलंय. तेव्हा ते टिकले काय नि पडले काय, सारखंच. गादी मात्र टाक. लग्नाच्या फोटोत ते उजवीकडे कललेत, तर त्याच बाजूला टाक.