थांबून राहिली म्हणजे थांबली का

सर, काल लाखांदूरच्या गाडीत शेजारचा माणूस फोनवर म्हणाला, 'येऊन राहिलो', आणि गाडी तर अजून स्टँडावरच उभी. तुमचा रविवारचा सेमिनार आठवला, आणि त्या नादात माझं उतरायचं गाव मागे गेलं.

कॉलेज सोडून मी तेव्हा नुसता फिरत होतो. आंबागडचा किल्ला चढायला निघालो, तुमसरला बस चुकली, म्हणून तुमच्या वर्गात पंख्याखाली येऊन बसलो. एम.एस्सी.ची चार पोरं आणि तुम्ही. कुठलाही प्रोग्राम थांबेल की चालतच राहील, हे आधी सांगणारी एकच रीत असू शकत नाही, असं तुम्ही सांगितलं. पण एका खास जातीच्या प्रोग्रामांपुरतं ते सांगता येतं, ही तुमची सिद्धता. उमेदीची वर्षं त्यात गेलेली, आणि आता ती नागपूरला परिषदेत मांडायची होती. मला अर्धं कळायचं नाही, तरी येत राहिलो.

त्या रविवारी तुम्ही फळ्यावर लिहिलं, 'मशीन थांबून राहिली', आणि खालच्या ओळीत ती थांबलीच असं धरून पुढे गेलात. मागच्या बाकावरची पोरगी उठली.

'सर, थांबून राहिली म्हणजे थांबली का?'

'थांबूनच तर राहिली न, बाई.'

'माय म्हणते भात शिजून राहिला, तर आम्ही ताट घेऊन बसत नाही, सर.'

सगळे हसले, तुम्हीसुद्धा. मग फळ्याकडे वळलात ते वळलेलेच. डस्टर हातात, पण पुसत काहीच नाही. हसणं एकेकाचं बंद पडलं. 'आपल्या बोलीनं खाल्लं रे मले,' तुम्ही हळूच म्हणालात. 'थांबतच होती, अन् मी थांबली धरली.'

नागपूरला तुम्ही गेला नाहीत. फळ्यावर तीच ओळ राहिली, पोरं गळाली. शेवटी मी एकटाच.

'काहून येतो रे तू?'

'बस चुकते, सर.'

'खोटं बोलून राहिला.' मग ओळीकडे बघत, 'हिच्यात कोणी बसला आहे रे. मी जवळ गेलो का सरकते.'

पुढच्या रविवारी वर्गाला कुलूप. शिपाई म्हणाला, 'सर गेले, बाबू.'

तुमच्यामागे आता ती ओळ मला लागली आहे. नाकाडोंगरीच्या जंगलात कामावर लाकडं मोजताना आकडा विसरतो. जेवायचं राहून जातं, माय दारातून बघत उभी राहते. परवा एकदम वाटलं, जमलं, तुमच्या सिद्धतेतली ती फट बुजली. तेच कळवायला लिहायला बसलो होतो. पण सर, मी ते अजून तपासलेलं नाही. कागद पालथा घालून ठेवलाय, आणि दोन दिवस झाले, त्या खोलीत मी झोपत नाही.