शाळेच्या भिंतीला लागून घर

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसलेय. दुसरं कुणी हाताशी नाही म्हणून. शुक्रवार आहे, इथं कुवेतला सुट्टीचा वार. बाहेर धूळ उठलीय, आम्ही राहतो त्या जहराला धूळ जरा जास्तच, त्यामुळे खिडक्या बंद आणि एसी घरघरतोय. तुमचा जावई, ज्याला तुम्ही पाहिलंच नाही, जेवून आडवा झालाय. तुमची नात पलीकडच्या खोलीत दार लावून बसलीय, बुधवारपासून तिचं तोंड फुगलेलं आहे. मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी स्टूल ओढून लिहितेय, मधेच उठते, धुतलेला कुकर पुन्हा धुते, परत बसते. जिवाला स्वस्थता म्हणून नाही बघा.

झालं असं. नात दहा वर्षांची आहे, हुशार आहे, हे मी आई म्हणून नाही सांगत, तिच्या बाई सांगतात. पण इथली तिची शाळा यथातथाच. विज्ञानाच्या बाई वर्षात दोनदा बदलल्या, मधे तर पीटीच्या सरांनीच विज्ञान शिकवलं. हवल्लीला एक शाळा आहे, सगळ्या भारतीय आयांच्या तोंडी तिचंच नाव. तिथं हिला प्रवेश मिळाला. आता हवल्ली म्हणजे शहराच्या त्या टोकाला, आणि त्या शाळेची बस काही जहराला येत नाही, जावई ऑफिसच्या गाडीनं जातो-येतो, त्याला तिला सोडता-आणता येत नाही. मग तिथंच घर घ्यायचं. त्या शाळेच्या आसपासच्या गल्ल्यांत घरांचं भाडं असं चढलंय की विचारू नका. तीच जुनी इमारत, तीच गळकी मोरी, पण शाळा जवळ म्हणून दीडपट. दलाल आम्हाला घर दाखवत होता, हैदराबादचा होता, मला म्हणतो, "मॅडम, बच्ची घंटी सुनके निकलेगी तो भी टाइम पे पहुँचेगी." नात खिडकीतून शाळेचं मैदान बघत उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी भाव करायचंच विसरले.

जावयाचं ऑफिस दस्मानला, हवल्लीहून जवळ. अडचण माझीच. मी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, सकाळी सातला रक्ताच्या नळ्यांची रांग लागते तेव्हा मी तिथं हवी, कधी रात्रपाळी. मला गाडी चालवायचं लायसन्स नाही, हॉस्पिटलची बस हवल्लीपर्यंत जात नाही, आणि रोजची टॅक्सी त्या भाड्यावर परवडणं शक्य नाही. मग जावयानंच तोड काढली. तो आणि नात हवल्लीला राहतील, मी इथंच हॉस्पिटलच्या लेडीज हॉस्टेलमध्ये खाट घ्यायची आणि सुट्टीला तिकडे जायचं. "दहावीपर्यंतच तर आहे," म्हणाला. मी नातीला विचारलं, तुला चालेल का गं? तिनं आयपॅडवरून मान पण वर केली नाही. "इट्स ओके मम्मा, यू कॅन कम ऑन वीकेंड्स." इट्स ओके! मी भाजीत मीठ दोनदा घातलं त्या दिवशी.

आणि तेव्हापासून तुम्ही डोक्यातून जात नाही आहात. लातूरची खोली. त्या गल्लीत सगळ्याच खोल्यांत अशी बिऱ्हाडं, आया आणि पोरं, बाप्ये सगळे गावाकडे. शाळेच्या भिंतीला भिंत लागून म्हणून घरमालक भाडं वाढवत राहिला आणि तुम्ही देत राहिलात. तुम्ही गावात, गिरणीत. आई सकाळी भाकऱ्या थापायची आणि तुमचा डबा दुपारच्या एसटीत ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवून द्यायची, तुम्ही स्टँडवर उतरवून घ्यायचात. लोकांच्यात पोरांना गावाहून डबा यायचा, आमच्यात बापाला शहरातून जायचा. आठवड्यात ज्या दिवशी गावाची लाइट बंद, गिरणी बंद, त्या दिवशी तुम्ही यायचात. भुवयांवर पीठ तसंच. दार उघडलं की तुम्ही उंबऱ्यात उभे, आणि आई आधी काय म्हणते? "हळू बोला, पोरं अभ्यास करायलेत." मग तुम्ही बाहेर पायरीवर जाऊन बसायचात. खोली एवढीशी, आमच्या पुस्तकांनाच पुरत नव्हती. पुष्कळदा मी शिकवणीहून येईपर्यंत तुमची परतीची गाडी निघून गेलेली असायची. माझ्या गणिताच्या सरांचा आवाज मला आजही आठवतो, कसे खाकरायचे ते सुद्धा. तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं, आणि तरीही नक्की तोच आहे का, कळत नाही.

एक दिवस मात्र लख्ख आठवतो. सातवीत होते. कुणालाही न सांगता शाळेतूनच स्टँडवर गेले आणि गावची गाडी पकडली. काही झालं नव्हतं हो, कुणी मारलं नव्हतं, नापास झाले नव्हते. तुमची आठवण आली होती. गिरणीत शिरले तर पट्ट्याचा हा आवाज, बायकांची रांग, आणि तुम्ही चाळणीवर वाकलेले. मला बघून तुमच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल म्हणून मी दारातच थांबले. तुम्ही बटण दाबून गिरणी बंद केलीत. "इथं काय करायलीस? शाळा मोडून पडली का?" रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "असू द्या की, लेकरू भेटायला आलंय." तुम्ही तिच्यावरच खेकसलात. पाणी विचारलं नाही, बस म्हणाला नाहीत. दंडाला धरून स्टँडवर नेलंत, त्याच गाडीत परत बसवलंत आणि ताज्या दळलेल्या पिठाची पिशवी मांडीवर ठेवलीत. पीठ गरम होतं. "पुन्हा आलीस तर तंगडं मोडीन," म्हणालात आणि गाडी हलायच्या आतच पाठ फिरवलीत. लातूर येईपर्यंत मी रडले. माझ्या बापाला मी नको आहे, असं मला वाटलं, आणि खूप वर्षं वाटत राहिलं.

आता सांगा अण्णा, त्याचं चीज झालं का? लोकांच्या हिशेबानं झालंच की. मी लॅबमध्ये आहे, भाऊ पुण्यात मोठ्या हुद्द्यावर. गावातल्या शाळेत राहिले असते तर इथं नसते, हे मलाही कळतं. परवा आईला फोनवर हेच विचारलं, तर फटकन म्हणाली, "खोली केली म्हणून कुवेत बघितलंस, आता उलटा जाब कुणाला विचारायलीस?" पण तिला हे विचारायची माझी छाती झाली नाही की, तुम्ही शेवटी आजारी पडलात तेव्हा तुमच्या गोळ्या कुठल्या, पथ्य काय, हे घरात कुणालाच का माहीत नव्हतं? तुम्ही एकटं राहायला इतके सरावला होतात की आम्ही सगळे घरी आल्यावरही तुम्ही जेवायला ताट घेऊन गिरणीतच जायचात. आई हाका मारायची आणि तुम्ही म्हणायचात, "जेवा तुम्ही, मला हितंच बरं वाटतं." आम्हाला ते विचित्र वाटायचं, आम्ही हसायचो. शाळा चांगली होती, यात वाद नाही. पण शाळेजवळ राहायचं म्हणून आम्ही तुमच्यापासून किती लांब गेलो, हे त्या निकालाच्या कागदावर कुठं लिहिलं होतं?

जावयाला हे सांगून उपयोग नाही. तो ठाण्यात वाढला, शाळा घराखाली, बाप रोज संध्याकाळी घरी. तो म्हणतो, "अगं, चाळीस मिनिटांचा रस्ता आहे, तुझ्या अण्णांचं वेगळं होतं." वेगळं होतं. रस्ता तेव्हाही काही फार लांब नव्हता. मी त्याला म्हटलं, एका खोलीचं घर घेऊ, मी नोकरी सोडते. तर म्हणाला, "मग भाडं काय तुझे अण्णा भरणार?" आणि स्वतःच ओशाळला. वाईट माणूस नाही तो. पोरीसाठीच जीव टाकतोय, तुमच्यासारखाच.

बुधवारी हॉस्टेलच्या ऑफिसातून निरोप यायचा होता, त्यावर सगळं अडलेलं. मी ड्यूटी करून घरी आले आणि चपला काढता काढता सांगितलं, हॉस्टेलला जागा नाही, वर्षभर तरी मिळणार नाही. जावई दलालाला फोन लावून "खलास" म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन उभा राहिला. नातीनं दप्तर आपटलं. "आय हेट युवर हॉस्पिटल," म्हणाली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर भिंतीवर लावलेला त्या शाळेचा फोटो तिनं काढून टाकला होता.

हे कागद मी कुठं पाठवणार, आणि कुणाच्या पत्त्यावर? थोड्या वेळानं फाडून टाकीन. नातीला मराठी वाचता येत नाही, पण जावयाला येतं.

अण्णा, जागा होती. ऑफिसातल्या इजिप्शियन बाईंनी हसून किल्ली माझ्या हातात ठेवली, खिडकीजवळची खाट आहे म्हणाल्या. मी जिना उतरून खाली आले, पुन्हा वर गेले, आणि घरचा विचार बदलला म्हणून किल्ली परत दिली. पोरीच्या भल्यासाठी केलं, असं मी म्हणणार नाही. मला तिच्यावाचून राहवलं नसतं, एवढंच. तुम्ही राहिलात. मला नाही जमलं. तिला ती शाळा फार आवडली होती हो.