आठ फुटांवरची खुर्ची

१२ नोव्हेंबर
ताडकळसला पोचलो. स्टुडिओ बाजाराच्या रस्त्यावर, वरच्या मजल्यावर माझी खोली. लग्नाचं शूटिंग आणि पासपोर्ट फोटो असा धंदा. मालक ईश्वरअप्पा पासष्टीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मऊ. त्यांचा हात आता कॅमेऱ्यावर थरथरतो, म्हणून मला बोलावलं. नांदेडच्या कोंदट खोलीपेक्षा इथं लाख पटीनं बरं. त्यांच्या पत्नी मल्लम्मांनी गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. म्हणाल्या, "बुद्धभूषण, लाजायचं न्हाई हां. लेकरावानी ऱ्हा." मी दोन भाकरी जास्तच खाल्ल्या.

१५ नोव्हेंबर
पत्र्याच्या पेटीत एक जुना सिनेमा कॅमेरा सापडला. अप्पांचे थोरले भाऊ शिवप्रकाश हैदराबादला माहितीपट काढायचे, त्यांचा. ते आता हयात नाहीत. कॅमेरा पार गंजलाय, पण लेन्स शाबूत! काचेच्या कडेला थोडी बुरशी होती, ती पुसून काढली. फोकसच्या कड्यावर फुटांचे आकडे कोरलेले. अप्पा म्हणाले, खुशाल वापर. आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवायला अडॅप्टर मागवला.

२० नोव्हेंबर
अडॅप्टर आला. लेन्स छोट्या फिल्मसाठी घडवलेली, त्यामुळे चारही कोपरे काळे पडतात. पण मधलं चित्र काय सांगू! मागची पानं गोल गिरकी घेतल्यासारखी, चेहऱ्यावर सायीसारखा उजेड. नव्या लेन्सची चित्रं हिच्यापुढं कात्रीनं कापल्यासारखी वाटतात. पेडगावच्या लग्नात हीच लावणार.

२१ नोव्हेंबर
दुपारी फोकस तपासत होतो. गिऱ्हाइकांना फोटोसाठी बसवतो ती लाकडी खुर्ची टेपनं मोजून आठ फुटांवर ठेवली. रिकामीच. कडं आठवर आणलं आणि स्क्रीनवर खुर्चीत एक मुलगी स्पष्ट झाली. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. मान वर करून पाहिलं, खुर्ची रिकामी. स्क्रीनवर मुलगी. दुसरी लेन्स लावली तर कोणी नाही. जुनी लावून रेकॉर्ड केलं, त्यातही नुसती खुर्ची. ती फक्त कॅमेरा चालू असताना दिसते.
मल्लम्मा चहा घेऊन आल्या. स्क्रीन बघितली आणि त्यांच्या हातातली कपबशी पडली. "सविता," एवढंच म्हणाल्या. त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना तापानं गेली. तीस वर्षं झाली त्याला.

२५ नोव्हेंबर
अप्पा अल्बमच्या कामाला परभणीला गेले की मल्लम्मा खाली येतात. मी कॅमेरा चालू करून देतो. त्या स्क्रीनसमोर बसून सविताला सगळं सांगतात, शेजारी कोण राहायला आलं, तिच्या कुठल्या मैत्रिणीला नातू झाला. अप्पांना सांगू नको म्हणाल्या. मला भीती वाटायला हवी होती. पण त्यांचा चेहरा बघून वाटतं, आपल्या हातून काहीतरी चांगलं घडतंय.

२८ नोव्हेंबर
आज मुलगी आठ फुटांवर धूसर दिसली. कडं सहावर आणलं तेव्हा स्पष्ट झाली. खुर्ची जागची हललेली नाही. ती उठून उभी आहे, दोन फूट पुढं. मल्लम्मा आनंदानं रडल्या. "माझ्याकडं यायलीय रे ती."

१ डिसेंबर
चार फूट. मल्लम्मांनी तीन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. मुलीची पापणी एकदाही लवत नाही. ओठ हलतात. मल्लम्मा म्हणतात, "आई म्हणायलीय." मी आरशासमोर उभा राहून आई म्हणून बघितलं. ओठ मिटत नाहीत. तिचे मिटतात. दोनदा, आणि मधे जीभ टाळूला लागते. मल्लम्मा. नावानं हाक मारतेय ती. नऊ वर्षांचं लेकरू आईला नावानं—

२ डिसेंबर
लेन्स काढून कपाटात घातली, कुलूप लावलं, अप्पांना सगळं सांगितलं. ते मटकन खाली बसले. शिवप्रकाश यांनी सविताचं चित्रण याच लेन्सनं केलं होतं. ती गेल्यावर मल्लम्मा जेवणखाण सोडून ते रीळ रोज भिंतीवर बघायच्या. दर खेपेला पोरगी थोडी पुढं आलेली असायची. शेवटी अप्पांनी रीळ जाळलं. "मला वाटलं, जे हाय ते रिळातच हाय," म्हणाले. उद्या सकाळी लेन्स फोडायचं ठरलं. आजच फोडायला हवी, असं राहून राहून वाटतंय.

३ डिसेंबर
कपाटाचं कुलूप तोडलेलं. मल्लम्मा त्या खुर्चीत, कॅमेऱ्याकडे तोंड करून. डोळे उघडे. अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. संध्याकाळी त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवूनच माती दिली. मला बघवलं नाही. घरी येऊन लेन्स फोडायला उचलली, तर अप्पांनी हातातून काढून घेतली.

५ डिसेंबर
अप्पा म्हणाले, एकदाच लाव. मी नाही म्हणालो. ते माझ्या पाया पडायला वाकले. ज्यानं रीळ जाळलं, तोच माणूस. लावली.
खुर्चीत मल्लम्मा. आठ फूट.

७ डिसेंबर
सहा. आता स्वतःच लावतात. मला आत येऊ देत नाहीत. जेवणाचं ताट दाराशी तसंच.

८ डिसेंबर, दुपार
चार. खिडकीच्या काचेतून स्क्रीन दिसते. अप्पा हसत म्हणाले, "अहो म्हणायलीय." अहो म्हणताना ओठ मिटत नाहीत. तिचे मिटले, घट्ट. ईश्वरअप्पा. सगळ्या संसारात नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई—

थोड्या वेळानं
दार आतून बंद. हाका मारल्या, धडका दिल्या. शेजारचा सिताराम पहार आणायला पळालाय. मी खिडकीलगतच्या पायरीवर. लिहिलं नाही तर ओरडेन. आत अप्पा म्हणाले, "आलो, आलो." उठले. खुर्चीत जाऊन बसले, तिथंच, आठ फुटांवर. मान खाली पडली. हाक मारतोय. स्क्रीनवर आता फक्त अप्पा, मल्लम्मा कुठंच—
कडी वाजली. आतून. कोणीतरी काढतंय. खिडकीतून अप्पा दिसतायत, खुर्चीतच, हलत नाहीत. मग कडी कोण—