ओव्हनची फाइल

१२ तारीख, सोमवार
बायकोच्या बेकरीतला ओव्हन मनाला येईल तसा तापतो. एक ट्रे करपतो, दुसरा कच्चा राहतो. मेकॅनिक दोनदा आला. दोन्ही वेळा ओव्हन शहाण्यासारखा वागला. मेकॅनिक म्हणाला, ताई, बिघाड दाखवा, पार्ट फुकट बदलतो. वॉरंटी तीस तारखेला संपते. त्यानंतर नवा पार्ट आपल्याला झेपणार नाही. म्हणजे बेकरी बंद.
पुराव्याचं मी अंगावर घेतलं. ओव्हनला सेन्सर आणि एक छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बसवला. दर मिनिटाचं तापमान बोर्ड आपल्या पोटातल्या फाइलमध्ये लिहितो. प्रोग्राम माझा. आता फाइल कम्प्युटरवर घ्यायची, बस. पाच मिनिटांचं काम.

१५, दुपार
कम्प्युटरला बोर्ड दिसत नाही. तीन तास गेले. कम्प्युटर जुना झालाय, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, कालपर्यंत तर नवा होता.

१६
बोर्ड विकणारा दुकानदार म्हणाला, काका, ही केबल नुसती चार्जिंगची. हिच्यातून फाइल यायची नाही. हसला नाही. पाठ फिरवून खोकला मात्र बराच वेळ.
नवी केबल.

१७
बोर्ड दिसला! फाइल आली. आत चार ओळी. सोमवारपासूनच्या बाकीच्या नोंदी कुठे गेल्या? बोर्डला नव्या केबलची सवय व्हायला हवी.

१९
काल तीन ओळी. आज पाच वेळा जोडला. पाचही वेळा दोन. मेहुणी पीठ मळता मळता म्हणाली, भावोजी, गळू आहे का ते, सारखं दाबून बघायला?

२१
दुकानदाराने उलगडा केला. केबल जोडली की बोर्ड पहिल्यापासून सुरू होतो, आणि सुरू होताच माझा प्रोग्राम फाइल कोरी करून टाकतो. म्हणजे नोंद बघायला गेलं की नोंद जाते. एक अक्षर बदलायचंय काका, आत्ता करून देतो, म्हणाला. नको म्हटलं. माझ्या प्रोग्रामला परका हात नको.
मला वेगळा मार्ग सुचला आहे. केबल जोडल्या क्षणी, कोरी व्हायच्या आत, फाइल ओढून घ्यायची. प्रश्न फक्त चपळाईचा आहे.

२४
चपळाईचा सराव. अकरा वेळा. अजून एक ओळही हाती नाही, पण हात बसतोय.

२७
रोज सकाळी सराव. बायकोने विचारलं, तीस तारखेला त्याला दाखवायला नक्की काय आहे आपल्याकडे? विश्वास ठेव म्हटलं. ती ट्रे काढायला गेली. विश्वास ठेवला असावा.

३०
मेकॅनिक आला. मी केबल जोडली. हात इतका चपळ कधीच चालला नव्हता. एकच ओळ. तीत ओव्हन ठणठणीत.
बायकोने कपाट उघडलं. आत बारा तारखेपासूनचा रोजचा एकेक पाव, प्रत्येकाखाली तारखेची चिठ्ठी. काळा, कच्चा, काळा, काळा, कच्चा. ती म्हणाली, दादा, बटण रोज एकाच आकड्यावर होतं, पाव बघा. मेकॅनिकने दोन पाव ठोकून पाहिले, एक वास घेऊन परत ठेवला. पार्ट बदलायला दहा मिनिटं लागली.
जाताना म्हणाला, ताई, असा पुरावा कुणी दाखवत नाही. माझ्याकडे पाहिलं नाही. सभ्य माणूस.

८ तारीख
एक तारखेला अक्षर बदललं. बोट दुकानदाराने दाखवलं, दाबलं मीच. आज सबंध आठवड्याची फाइल कम्प्युटरवर आली. एकही ओळ गळलेली नाही. ओव्हन लावला दोनशे वीसवर, तापला दोनशे वीस. पानामागून पान दोनशे वीस.
बायकोला बोलावून दाखवली. तिने शेवटपर्यंत पाहिली. मग विचारलं, यातून काय कळतं?
म्हटलं, ओव्हन उत्तम चालतोय.
ती म्हणाली, बरं झालं. आता तो कम्प्युटर उचला, अहो. पाव गार करायला ठेवायचेत.