अर्ध्या कवचाचं कासव

सिस्टर,

अर्ध्या कवचाचं कासव सापडलं. चीनमध्ये. सापडून बरीच वर्षं झाली म्हणे, मला कळलं या उन्हाळ्यात. नववीच्या वर्गात तुम्ही म्हणाला होता की आजवर मिळालेलं सगळ्यात जुनं कासवसुद्धा पूर्ण कवचाचंच आहे, मधलं कुठलं अजून कुणाच्या हाती लागलेलं नाही, आणि लागेल तेव्हा मला येऊन सांगा. एवढ्या मुलींत ते कुणाच्या लक्षात राहिलं असेल तर माझ्याच. म्हणून सांगतेय. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत लिहिलं तर तुम्ही आधी माझी क्रियापदं तपासाल, आणि त्याची मला अजून धास्ती वाटते.

तो तास माझ्या हातांनाच जास्त आठवतो. तुम्ही प्रयोगशाळेच्या कपाटातून कासवाचं जुनं कवच काढलंत. आम्हाला वाटलं पाठ दाखवणार, तर तुम्ही ते उलटं केलंत. आतून छत्रीच्या काड्यांसारख्या बरगड्या, मधून कणा, सगळं कवचाशी एकजीव झालेलं. ‘कासव कवचात राहत नाही,’ तुम्ही म्हणालात, ‘ती त्याचीच हाडं आहेत. त्याला बाहेर येताच येत नाही.’ मग आम्हाला हात मागे नेऊन आपापलं खांद्याचं हाड चाचपायला लावलंत. सगळा वर्ग एकमेकींच्या पाठी चाचपत खिदळतोय आणि तुम्ही शांतपणे विचारताय, ‘बरगड्यांच्या बाहेर लागतंय ना? कासवाचं आत असतं. आत कसं गेलं?’ उत्तर तुम्हालाही येत नव्हतं, आणि ते तुम्ही सांगून टाकलंत.

खरं सांगायचं तर मला तेव्हा तुमचाच संशय यायचा. सकाळी कोट्यवधी वर्षांच्या गोष्टी सांगणारी बाई दुपारी चॅपलमध्ये गुडघे टेकते, म्हणजे दोन्हींपैकी एका ठिकाणी ती खोटं बोलत असणार, असं मला पक्कं वाटायचं. एकदा धीर करून विचारलं, ‘सिस्टर, मग देवानं सहा दिवसांत जग केलं ते?’ तुम्ही म्हणालात, ‘हा विज्ञानाचा तास आहे. दुपारी विचार.’ दुपारी विचारलं तर म्हणालात, ‘हे सकाळी विचारायचं होतंस.’ पण मी काहीही ठामपणे बोलले की लगेच प्रश्न यायचा, ‘तुला कसं माहीत?’ पुस्तकात आहे म्हटलं तर पुस्तकाला कसं माहीत. घरी मी बाबांनाही हेच विचारायला लागले. बाबा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. ते आईला म्हणायचे, ‘कॉन्व्हेंटात पोरगी पाठवली की पोलिसात?’

मग ते जिवंत कासव आलं. पवनेवर मासे धरणाऱ्या कुणाकडून तरी तुम्ही ते सोडवून आणलं होतंत. कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून तार ओवलेली. ती तार मी बाबांच्या पकडीनं कापून काढली, आणि कासवानं एवढं सगळं होईस्तोवर डोकं बाहेर काढलं नाही. प्रयोगशाळेमागे, तुमच्या वांग्यांच्या वाफ्याशेजारच्या हौदात त्याला ठेवलं. त्याला ऊन खाता यावं म्हणून मी आत विटांची पायरी रचली. रोज डब्यातून काकडीची सालं आणायची. महिन्याभरात तुम्ही प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे दिलीत. ती मी केसांच्या रिबिनीला बांधून गळ्यात घालायची, फ्रॉकच्या आत, गार लागायची. तुम्ही एका रविवारी आमच्या घरी येणार होता. दहावीनंतर मला टायपिंगला घालायचं बाबांनी ठरवलं होतं, ते मोडून सायन्सला पाठवा हे त्यांना तुम्ही सांगणार होता.

दहावीचं वर्ष संपत आलं होतं. ऊन तापलेलं, हौदातलं पाणी खाली गेलेलं. एका सकाळी कासव नव्हतं.

शाळेतल्या झाडलोट करणाऱ्या मावशी, मूळच्या मावळातल्या, कमरेवर हात ठेवून प्रयोगशाळेच्या दारात उभ्या आहेत. ‘म्या माझ्या डोळ्यानं बघितलीया हिला हौदापाशी. डबा हुता हातात. झाकणाचा.’ मी म्हणते, सालं होती डब्यात. ‘मंग कासव उडालं व्हय? का पळालं? पळाया त्याला घोड्याचं पाय हायेत?’ बाहेरच्या मुली फिसकन हसतात. तुम्ही हसत नाही. मला विचारता, ‘तू नेलंस?’ मी नाही म्हणते. तुमचं गाव मंगळूरकडचं, वर्गात तुम्ही इंग्रजीच बोलायचात, मराठी मावशींकडून शिकलेल्या, त्यामुळे कधी मराठी बोललात तर तुमच्या तोंडून त्यांचंच मराठी यायचं आणि आम्हाला गंमत वाटायची. त्या दिवशी वाटली नाही. ‘मला माहीत न्हाई,’ तुम्ही म्हणालात. आणि मग, ‘किल्ली टेबलावर ठेव.’

तुम्ही रागावला असता तर मी रडून मोकळी झाले असते. रविवार आला, गेला. त्यानंतरचाही गेला. आई दोन्ही वेळा पोहे भिजवून बसली होती. पुढे परीक्षा, मग टायपिंग, मग कॉमर्स. तुमची बदली झाल्याचं मला बाजारात एका मैत्रिणीकडून कळलं. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट शिजत राहिली की कासव तुम्हीच नदीत सोडलंत. तारेचं भोक बघून तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं होतं. दया तुम्हाला आली आणि आळ माझ्यावर ठेवलात. एवढी वर्षं मी हे असंच धरून होते, आणि मला कसं माहीत हे स्वतःला कधी विचारलं नाही.

नोकरी मात्र मला संशयाचीच मिळाली. आधी भोसरीला, मग कंपनी चाकणला गेली तेव्हा तिकडे, कंपनीच्या बसनं. बाहेरून आलेला माल तपासून आत घ्यायचा. टायपिस्ट म्हणून लागले होते, पण तपासणीतले साहेब म्हणाले, या बाईंना कागदात बसवू नका, यांना मालापाशी उभं करा. सप्लायरची माणसं मला टाळायची. एक जण तर तोंडावर म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सासूबाई असत्या तर सुनेनं जीव दिला असता.’ मी म्हटलं, जीव नंतर दे, आधी हा पीस बघ. माल आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, पीस हातात घ्यायचा, उलटा करायचा, भिंग लावायचं. भोकाची कड बघितली की कळतं ते आत्ता पाडलंय की जुनं आहे, कशानं पाडलंय. नव्या मुलींना मी हे शिकवायचे तेव्हा आवाज माझा नसायचा, तुमचा असायचा.

आणि एवढं सगळं करणारीनं एकच वस्तू तपासली नाही. माझ्या लग्नात शाळेतल्या त्या मावशी आल्या होत्या, चांगलं लुगडं नेसून. हातात पुठ्ठ्याचा खोका. ‘सिस्टर सणाला आल्या हुत्या दोन दीस. तुज्यासाठी ठिवून गेल्यात. उलटं करून बघ म्हनल्यात.’ मी विचारलं, आणखी काय म्हणाल्या? ‘मला नगं इचारू बाई, मला काय ठावं न्हाई,’ असं म्हणत त्या पंगतीत जाऊन बसल्या आणि जिलबीच्या ताटावरून त्यांनी मान वर केली नाही. मी वर्तमानपत्र थोडं बाजूला केलं. कासवाची पाठ दिसली. तेच जुनं कवच, ज्या कपाटाची किल्ली तुम्ही माझ्याकडून काढून घेतली होती त्यातलं. मला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. जिवंत नेलंस, आता हेही घे. लग्नाच्या दिवशी कुणी असा टोमणा पाठवतं का, असा विचारसुद्धा मी केला नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘देवळातलं दगडाचं असतं ते वेगळं, मेलेल्या जिवाचं हाड घरात नको.’ मला बरंच वाटलं. खोका माळ्यावर गेला. पुढे घरं बदलली, सांगवीला आलो, प्रत्येक वेळी तो सामानाबरोबर आला आणि वर गेला. टाकूनही दिला नाही, हे कशामुळे ते मला सांगता येणार नाही.

या सुट्टीत लेकीची लेक माझ्याकडे राहायला होती. आठवीत आहे, दिवसभर फोनवर प्राणी बघते. कणीक मळताना येऊन विचारते, ‘आजी, कासवाला कवच कशासाठी?’ मी म्हटलं, बचावासाठी. ‘चूक.’ तुला कसं माहीत? ‘तू दरवेळी असं काय विचारतेस गं, चोर पकडल्यासारखं?’ पण मग ओट्यावर चढून बसली आणि सांगायला लागली. ते चीनमधलं कासव बावीस कोटी वर्षांपूर्वीचं. तोंडात दात, पोटाखाली पूर्ण कवच, पाठीवर मात्र नुसत्या रुंद झालेल्या बरगड्या. त्याच्याही आधीचा एक प्राणी दक्षिण आफ्रिकेत मिळाला, सरड्यासारखा. त्याला कवच नाहीच, पण बरगड्या अशाच पसरट. अशा बरगड्यांनी धावणं जड जातं, श्वास घेणं जड जातं, मग त्या टिकल्या कशाला? त्याच्या पुढच्या पायांची हाडं जमीन उकरणाऱ्या जनावरांसारखी आहेत. जोरानं उकरताना धड घट्ट राहावं म्हणून बरगड्या रुंद झाल्या असाव्यात. बचाव नंतरचा. आणि खांद्याचं हाड आत गेलंच नाही, सिस्टर. बरगड्याच बाहेर पसरत त्याच्यावरून गेल्या. मी म्हटलं, म्हणजे नक्की? ती म्हणाली, ‘बहुधा. शास्त्रज्ञपण बहुधाच म्हणतात.’ मग सहज पुढे बोलली, ‘अजूनही खणतात की. पाणी आटलं ना, की काही कासवं सरळ मातीत घुसून बसतात, पाऊस येईपर्यंत.’

माझे हात कणकेत तसेच राहिले. पाणी खाली गेलेला हौद. मी रचलेली, थेट काठाला पोचणारी विटांची पायरी. आणि हौदाला लागून तुमचा वांग्यांचा वाफा, तेव्हा नुकताच मऊ खणलेला. घोड्याचे पाय लागत नाहीत तेवढं अंतर जायला.

जावयाकडून खोका खाली काढून घेतला. वर्तमानपत्राचा भुगा झाला होता. मी कवच दोन्ही हातांनी उचललं, आणि तुम्ही सांगितलं होतंत तसं, फार उशिरा, उलटं केलं. छत्रीच्या काड्या तशाच. कण्याच्या खोबणीत वाळकी माती. आणि मागच्या कडेला भोक, तार जाईल एवढं. कपाटातल्या कवचाला भोक नव्हतं. ते मी कितीदा पुसून ठेवलंय, मला माहीत आहे.

म्हणजे ते तुम्हाला मिळालं होतं. कधीतरी वाफा खणताना, मेलेलं. मी नेलं नव्हतं हे तुम्हाला कळलं, आणि तुम्ही ते धुऊन ठेवलंत, माझ्या लग्नापर्यंत. बाबांना भेटायला का आला नाहीत, हे मात्र त्या हाडांत नाही. वरच्यांनी परवानगी दिली नसेल. किंवा तेव्हा तुम्हाला मी खरंच चोर वाटले असेन. एका ओळीची चिठ्ठी घातली असतीत तर, असंही वाटतं. पण तुम्ही उत्तर कधीच सांगायचा नाहीत, वस्तू हातात द्यायचात.

तुम्ही गेलात हे ऐकल्यालाही आता इतकी वर्षं झाली की हे पाठवायचं कुठे हा प्रश्नच नाही. खोक्यातच ठेवीन. फक्त एक राहिलं. भोक दिसलं तेव्हा रडू नंतर आलं, सिस्टर. पहिला विचार आला तो असा, की हे कपाटातलंच असेल आणि भोक तुम्ही मागाहून पाडलं असेल, मला बरं वाटावं म्हणून. तुमच्याच शिष्येला असं सुचणार. भोकाची कड भिंगाखाली धरली तर मला एका नजरेत कळेल. भिंग शेजारच्या खणात आहे, कंपनीनं निरोपाला दिलेलं, चांगलं आहे.

नात खोक्यावर वाकून विचारत होती, ‘आजी, हे तेच का गं? नक्की?’

मी म्हटलं, ‘मला माहीत न्हाई.’ ती हसली, मी असं कुठल्या गावचं बोलते म्हणून.

खण मी अजून उघडलेला नाही.