सुंदराक्काची झांज

मंगळवार, बायका गेल्यावर

नातीनं आमच्या भजनी मंडळाच्या ॲपला ते एआय जोडून दिलंय. एकेकीला "येणार का?" इचारतंय, लई गंमत वाटती!

सकाळी मला म्हणालं, "सुंदराक्का दोन महिने आल्या नाहीत. नाव काढू का?" माझी मैतरीण, वारली की ती. पण नाव काढायला मन हुईना. म्हटलं, "ऱ्हाऊ दे नाव."

दुपारी यादी आली. "सुंदराक्का येणार. झांज त्यांची." येणार म्हणून मी कुठं म्हटलं? आणि झांज कशी कळली? जुन्या निरोपात वाचली आसंल, नात म्हणाली. आसंल.

तिची झांज माझ्याकडंच ऱ्हायलीया; ती पुसून मी सुंदराक्काच्या बसायच्या जागेवर ठेवली. बायका मला म्हणाल्या, "आक्का, कुणाची वाट बघतीस?"

भजन झालं, बायका गेल्या. झांज तिथंच हाय. भ्या न्हाय वाटत, बरंच वाटतंय. दार अजून उघडंच ठेवलंय.